वंदनेला लावलेलं अत्तर

आम्रपालीच्या बाबांना दारू सोडून आठ महिने झाले होते. आज पौर्णिमेच्या वंदनेला ते पहिल्यांदाच विहारात अगदी पुढच्या रांगेत बसले होते, आणि शेजारी ही दहावीतली लेक ऑनलाइन मागवलेलं अत्तर मनगटाला, मानेला चांगलं चोपडून आली होती. दालचिनी-लवंगेचं, ऊबदार, रमच्या वासाचं. आज सगळ्या वॉर्डानं वळून बघावं, एवढीच तिची हौस.

पाचवं शील म्हणायची वेळ आली, मद्यापासून दूर राहण्याचं, आणि मागच्या बायकांनी पदर नाकाला लावले. लोक वळले खरे, पण बघत होते बाबांकडे. वंदना सांगणारे बाबूलालजी मध्येच थांबले.

"काय गा धम्मपाल, सुटला का आठ महिन्याचा उपास?"

वास अत्तराचा आहे हे दाखवायला आम्रपाली पर्समधली बाटली काढून उठायलाच लागली होती, तेवढ्यात बाबांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि तिला हाताला धरून खाली बसवलं.

"ठेव आत ते," बाबा हळूच म्हणाले. "रम लिवलं हाय त्याच्यावर. मले बोलतीन अन् विसरून जातीन. पोरीचं कोनी विसरत नाही."

मग ते हात जोडून सगळ्यांसमोर उभे राहिले.

"हौ, चुकलो," म्हणाले. "घेतली सकाळी थोडीशी."