बागेतली पानं

"हा प्रोग्रॅम तुमच्या चाचांच्या द्राक्षबागेत चालतो का?" सुप्रियानं विचारलं. मुलाखतीच्या सरावासाठी हॉस्टेलच्या खोलीत ती कंपनीचा साहेब झाली होती आणि तिची मैत्रीण नाजनीन उमेदवार. पानाचा फोटो बघून द्राक्षावरचा रोग ओळखणारा एआय प्रोग्रॅम नाजनीननं बनवला होता. इंटरनेटवरच्या फोटोंवर तो क्वचितच चुकायचा. बागेत मात्र तिनं तो कधी नेलाच नव्हता.

कॅम्पस मुलाखत सोमवारी होती. शनिवारी सकाळीच तिनं तासगावची एसटी पकडली. चाचांच्या बागेत प्रोग्रॅमची पार फजिती झाली. फवारणीचे निळे डागही त्याला रोग वाटले. निम्मी उत्तरं चुकली.

"सोमवारी हे बोलू नकोस," सुप्रिया फोनवर म्हणाली. "कोण तपासायला जातंय?"

"मी गेले ना," नाजनीन म्हणाली.

रविवारभर ती पानांचे फोटो काढत राहिली. कुठलं पान रोगट आणि कुठलं धडधाकट, ते चाचा सांगत गेले. त्या फोटोंवर तिनं प्रोग्रॅमला नव्यानं शिकवलं.

सोमवारी मुलाखत घेणाऱ्या साहेबांना तिनं सांगितलं, "चारातली तीन उत्तरं बरोबर येतात."

"बाकीची मुलं तर शंभर टक्क्यांच्या जवळपास सांगतायत."

"माझंही तसंच होतं सर, बागेत नेईपर्यंत."

साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "पुढच्या मुलाला जरा थांबायला सांगा," ते दाराकडे बघून म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हं, बागेत काय झालं?"