रेशमाचा डिंक

समितीच्या अहवालात लिहिले आहे : ‘डॉ. चनिदा यांनी वाढवलेल्या मूलपेशी सदोष असल्यामुळे शेळीच्या गुडघ्यातील संधिदाह पुन्हा बळावला.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे. सत्याशी मात्र त्याचे काही देणेघेणे नाही. त्याच पेशी त्याच सकाळी दुसऱ्या शेळीच्या सुजलेल्या गुडघ्यात घातल्या होत्या. ती शेळी परवा कुंपणावरून उडी मारून संचालकांची जास्वंद खाऊन आली. फरक एवढाच, की पेशींना वाढण्यासाठी सांध्यात जी रेशमाची जाळी बसवतात, ती दुसरीसाठी चनिदाने केली होती आणि पहिलीसाठी डॉ. ओरथाय यांनी.

रेशमाचे कोष सोड्याच्या पाण्यात पुरेसे उकळले नाहीत, तर धाग्यावर त्यांचा चिकट डिंक राहतो आणि सांधा फुगतो. ओरथाय थायलंडमधल्या सुरिनच्या रेशीम विणकर घरातल्या. डिंक उरला आहे का, हे त्या नुसता धागा बोटांत चोळून सांगतात. त्यांच्या हातून ही चूक होणे शक्यच नव्हते. समितीने हाच त्यांच्या निर्दोषत्वाचा पुरावा मानला.

आज प्रयोगात मेलेल्या जनावरांसाठी वर्षाचे पुण्यदान होते. भिक्षूंचे पठण चालू होते. दगावलेल्या पहिल्या शेळीच्या हार घातलेल्या फोटोसमोर ओरथाय सुरईतून पाणी सोडत होत्या. पाणी सोडणाऱ्याच्या कोपराला मागच्याने हात लावायचा, म्हणजे पुण्याचा वाटा त्यालाही मिळतो. चनिदाने हात लावला. संध्याकाळी तिचे काम बंद होणार होते. माणसांच्या गुडघ्यांपर्यंत ते आता पोचणार नव्हते.

“ताई, धागा बोटांना चिकटला असेल ना?”

“हळू बोल. भन्ते ऐकतील.”

“ऐकू देत. त्या शेळीनं काय घोडं मारलं होतं तुमचं?”

“तिनं काही नाही.” पाण्याची धार तुटली नाही. “तुला कोष हातात धरायला मी शिकवलं. आणि पाहुणे आले की संचालक काय म्हणतात? ‘ही आमची चनिदा. आणि या... या कोष उकळतात.’”

“म्हणून माझं काम मारलंत?”

सुरई रिकामी झाली. ओरथाय यांनी शेवटचा थेंब निथळू दिला. मग मान न वळवता त्या जे बोलल्या, ते शब्दशः असे :

“चिकटला होता. शेळीची क्षमा मागून झाली माझी. आता कोपरावरचा हात काढ. यातला वाटा तुला द्यायचा नाहीये मला.”