माशाच्या पाण्याचा वास

ओल्या फडक्यात मासा धरून मनूचेहर मास्तरांनी श्वास रोखला आणि त्याच्या अंगात रुतलेला दोऱ्यासारखा किडा चिमट्यानं ओढायला घेतला. घाई केली की किडा तुटतो, तोंड मांसात राहतं आणि जखम कुजते. मास्तरांनी तो कणाकणानं ओढला. मुळासकट आला. जखमेवर आयोडिनचा थेंब टेकवून त्यांनी मासा मिठाच्या पाण्यात सोडला आणि पलंगाकडे वळून म्हणाले, "बघितलंस, फख्री? म्हणून खोलीत वास येत होता."

"मी म्हणतच होते," फख्री म्हणाली. "माशाचाच आहे वास."

नवरोजचा, म्हणजे इराणी नववर्षाच्या सणाचा, दहावा दिवस होता. दीड वर्षापूर्वी फख्री जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. चिमटा काढला तरी तिला कळत नसे. तिचं सगळं करणारी मासूमे खानम तेरा दिवसांच्या सुट्टीवर गावी गेली होती. तेहरानच्या मुलीनं, शहीननं, तिथल्या एका वृद्धाश्रमात आईचं नाव घालून ठेवलं होतं. फख्रीला तिथे जायचं नव्हतं. जायचं तर मेल्यावर, इस्फहानच्या या घरातूनच, पाय पुढे करून, असं ती म्हणे. शेवटी बापलेकीत ठरलं, की हे तेरा दिवस बाबांनी आईला एकट्यानं सांभाळून दाखवायचं. तेराव्या दिवशी शहीन येऊन बघणार. सगळं ठीक असेल तर आश्रमाचा विषय बंद.

मास्तरांना हे फार लागलं होतं. "लोकांचे नवरोजच्या मांडणीत ठेवलेले मासे तेरा दिवस जगत नाहीत," ते फोनवर म्हणाले होते, "माझा नऊ वर्षांचा झालाय. मला शिकवतेस होय?"

बढाई खोटी नव्हती. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते पाणी तीन दिवस अंगणात उघडं ठेवत. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला, की पाणी बिघडलं हे बाकी कुणाच्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात येई.

जाताना मासूमे खानम दारात तीनदा बजावून गेली होती, की दर दोन तासांनी बाईंची कूस बदला. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलंही, "वळवू का?" फख्री म्हणाली, "राहू द्या, तुमची कंबर दुखेल." त्यांची कंबर खरंच दुखत होती. त्यांनी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही तेच उत्तर आलं. मग दोघांना त्याची सवय झाली. चहा, सूप, गोळ्या मात्र घड्याळाच्या ठोक्याला मिळत. शौचाचं भांडं घेणं-पुसणं ती पडल्या पडल्या आपल्या हातानं उरकून घेई. रजई बाजूला केलेली तिला आवडत नसे.

अकराव्या दिवशी शेजारच्या तलअत खानम सणाच्या भेटीला आल्या. मास्तरांनी गज या तिथल्या मिठाईची बशी पुढे केली. त्या नको म्हणाल्या. पुन्हा केली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्यांनी दोन वड्या उचलल्या. पहिल्या नकाराला नकार मानणारा माणूस इस्फहानात सापडायचा नाही. मग त्यांनी नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "मनूचेहर खान, बरणीत मासा आहे की बुडालेली मांजर?"

सगळ्यात मोठ्यानं फख्री हसली. मास्तर मात्र शरमेनं लाल झाले.

मग ते हट्टाला पेटले. शहीनचं येणं दोन दिवसांवर आलं होतं आणि दारातच तिनं नाक धरलं असतं. त्यांनी रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, बरणीतले खडे उकळले, माशाला उपाशी ठेवलं, आणखी दोन किडे ओढून काढले. माश्या घोंगावू लागल्या तशी बरणीवर मलमल बांधली. सणाच्या मांडणीतला लसूण फेकून दिला, सिरका ओतून दिला. उगवलेले गहू तेराव्या दिवसाआधी घराबाहेर टाकू नयेत, अपशकुन होतो. तेही टाकले.

तेराव्या दिवशी सकाळी आठला मासा उन्हात लखलखत होता. मास्तरांनी मलमल सोडली आणि नाक पाण्याला टेकवलं. पाण्याला कसलाच वास नव्हता. त्यांच्या जिवात जीव आला.

ते सरळ उभे राहिले. वास होता तिथेच होता. बरणीवर एकही माशी नव्हती. सगळ्या रजईच्या कडेला बसल्या होत्या.

"फख्री, वळवू का तुला?"

"राहू द्या."

"वळवतो."

"राहू द्या म्हटलं ना. कंबर दुखेल तुमची."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला एखादी गोष्ट तिसऱ्यांदा कधी विचारली नव्हती. आज विचारली. फख्रीनं डोळे मिटून घेतले. त्यांनी रजई काढली, तिच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम पडली होती. जखमेत पांढरं काहीतरी वळवळत होतं.

मास्तरांनी हातानं माश्या हाकलल्या.

"परवापासून हाताला लागतायत," भिंतीकडे तोंड करून फख्री म्हणाली. "शहीन दहाला येईल. चिमटा उकळून आणा."