उबेला ठेवलेली वाटी

"फ्रिजमधली काचेची वाटी हीटरजवळ कुणी ठेवली?" ऋजुता किंचाळली.

"मीच. तळाला पांढरट काही दिसलं, विरजण वाटलं मला. नॉर्वेच्या या गारठ्यात दही कसं लागणार?" महिन्यापूर्वीच लेकीकडे आलेल्या वत्सलाबाई म्हणाल्या.

"अगं आई, प्रयोगासाठी वर्षभर जपलेले जेलीफिशचे कोंब होते ते, तळाला रुजलेले! थंडी मिळाली तरच त्यांच्यापासून पिल्लं सुटतात."

तळाला आता नुसते तपकिरी ठिपके होते.

"मेले?" वत्सलाबाईंनी विचारलं.

ऋजुताने भिंगातून पाहिलं. "नाही. ऊब सोसेना म्हणून मिटून बसलेत. गार ठेवलं की उघडतील."

वाटी फ्रिजमध्ये ठेवून ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडली. गोधडी घेऊन वत्सलाबाई सवयीने निघाल्या आणि दोन पावलांवर थबकल्या.

"ऋजू," जन्मात पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "घालू का अंगावर?"