ओळखा खिरापत

“कल से ये पहली में बैठेगी,” स्वरूपा टीचरनी सांगून टाकलं. “दूसरी में आके भी मुँह नहीं खोलती.”

मयूरी आईच्या पदराआड लपली. जूनपासून ह्या तेलुगू शाळेत तिनं तोंड उघडलं नव्हतं, हे खरंच. पण घरी? घरी ही पोर कोंबड्यांनाही बोलू देत नाही! तेलुगूही तिला सगळं कळायचं. एकदा बोलताना चुकली, वर्ग खदाखदा हसला, अन् तिनं तोंडाला कुलूपच घातलं.

“माही पोरगी मांगं जाणार नाही,” रुख्मिणी म्हणाली. “बोलते माही पोरगी. तुमी आयकलं नाही, एवढंच.”

“तो बुलवाओ.”

रुख्मिणी तयारीनंच आली होती. तिनं पिशवीतून नार्नूरच्या बाजारातून घेतलेला स्टीलचा डबा काढला. भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणायच्या, अन् मग खिरापतीचा बंद डबा कानाशी हलवून आत खायला काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नसे. तिनं डबा कानाशी हलवून दाखवला, मयूरीच्या हातात कोंबला अन् वर्गाकडे वळली.

“या गं पोरीहो! वळखा, आत काय हाये!”

टीचरनी कपाळाला हात लावला. पण पोरं थांबतात होय! बाकं सोडून सगळी गोळा झाली. श्रावणी नावाच्या पोरीनं डबा खुळखुळवला.

“पल्लीलु?” शेंगदाणे?

मयूरीनं नुसती मान हलवली.

“मुंडी नाही हालवाची!” रुख्मिणी कडाडली. “आपल्यात चालत नाही तसं. जिची खिरापत, तिनंच तोंडानं सांगायचं.”

मयूरीचं नाक लाल झालं. रुख्मिणी तिच्याजवळ सरकली. आता ही रडली, तर गेलीच पहिलीत.

“पल्लीलु?” श्रावणीनं पुन्हा विचारलं.

“कादू.” नाही. कसंबसं ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांचा जीव डब्यात अडकला होता.

“बेल्लम?” गूळ?

“कादू!”

“पुट्नालु?” फुटाणे?

“कादू!”

प्रत्येक नकाराला आवाज चढत गेला. पोरं डब्यावर तुटून पडली, तशी मयूरी त्यांच्यावरच खेकसली, “नेट्टोद्दु!” ढकलू नका! रुख्मिणीनं पदराचं टोक तोंडात दाबलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

शेवटी टीचरनाही राहवेना. त्यांनी डबा मागून घेतला, कानाशी हलवला.

“मुरुकुलु?” चकली?

मयूरीनं थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “कादू, टीचर.”

टीचर हसल्या. हरले बाई मी, सांग आता, असं त्यांनी तेलुगूत म्हटलं.

मयूरीनं डबा ओढून घेतला, छातीशी घट्ट धरला, अन् सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत तेलुगूत म्हणाली,

“उद्या सांगीन. ह्याच वर्गात.”