बाबांच्या रियाजाच्या प्रती

"डिस्कवर पुरेशी जागा नाही," असं सांगून बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं अपडेट पुन्हा थांबलं.

ते झाल्याशिवाय आईचा ऑनलाइन विणकामवर्ग सुरू होणार नव्हता आणि गेलेल्या बाबांचं काही पुसायला माझा हात धजत नव्हता.

"त्यांचं गाणं पूस," आई म्हणाली. "शेजारी दुवा देतील."

मी फोल्डर उघडला. आत बाबांच्या रियाजाची रेकॉर्डिंगं. पुढच्या फोल्डरमध्येही तीच, त्यापुढच्यातही तीच. कॉम्प्युटर दगा देईल या भीतीने ते दर रविवारी नवी प्रत काढायचे आणि त्याच कॉम्प्युटरवर ठेवायचे.

"लोणच्याच्या सगळ्या बरण्या एकाच फळीवर," म्हणत आई कितीतरी दिवसांनी हसली.

एक प्रत ठेवून मी बाकीच्या पुसल्या. अपडेट पुढे सरकलं, तशी आई उठून लोकरीची पिशवी शोधू लागली.