पाणी शांत होतं

बेटावरच्या चर्चमधल्या मृत्यूंच्या नोंदवहीत पेरीनाला पाचवं नाव सापडलं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. 'आन्तित्सा, वय पंधरा. खाडीत बुडून. पाणी कमरेइतकं, शांत. मुलीला पोहता येत होतं.' साल १९११.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं पेरीना घराण्याचा वंशवृक्ष काढत होती. कोणता पणजोबा कुणाच्या लग्नात भांडला, कोण बायकोला न सांगता चिलीच्या बोटीत बसला, हे शोधण्यात तिचे दिवस मजेत जायचे. आज मात्र घराण्यातल्या बुडालेल्यांची पाच नावं एकाखाली एक लिहून झाली आणि तिची पेन्सिल थांबली. पाचही जण पंचविशीच्या आतले. पाचही पोहणारे. वादळात त्यातला एकही गेला नव्हता. बेटावर माणूस बुडाला की कारण कुणी विचारत नाही. त्यामुळे ही नावं शेजारी शेजारी ठेवून आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

आणि मग तिला लुत्सिया आठवली. भाऊ जेर्कोची मुलगी, सोळा वर्षांची. जूनमध्ये पोहण्याचा सराव करताना ती मध्येच पाण्याखाली गेली होती. होडीवाल्याने केसांना धरून वर ओढली. पायात गोळा आला असेल, म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला. आज सणाची पोहण्याची शर्यत होती. अकरा वाजता.

पेरीनाने कागद उचलला. चष्मा टेबलावरच राहिला. फादर मागून काहीतरी म्हणाले, ते तिला ऐकू आलं नाही. धक्क्यापर्यंतच्या पायऱ्या ती धावत उतरली. खालून बँडचा आवाज येत होता, आणि तो थांबला की शर्यत सुरू होणार हे तिला ठाऊक होतं.

जेर्को लेकीची टोपी नीट करत होता.

"जेर्को, तिला पाण्यात उतरवू नकोस."

"काय झालं ताई? एवढ्या धापा कसल्या टाकतेस?"

"आपल्या घरातले पाच जण असेच गेलेत. पोहता येत असताना. शांत पाण्यात."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. जेर्को हसला. "मेलेल्यांची शिरगणती तू खुशाल कर, ताई. जेवायलाही बोलव त्यांना, पण तुझ्या घरी. माझ्या पोरीच्या शर्यतीत कशाला आणतेस?"

लोक हसले. पेरीनाला एकदम वाटलं, आपलं चुकत असेल. शंभर वर्षांत पाच माणसं, तीही बेटावर, त्यात नवल काय? परत फिरावं. पण मग बँड थांबला.

ती मोठ्याने वाचायला लागली. चष्मा नव्हता; नावं पाठ झाली होती. "आन्तित्सा, पंधरा. मारिन, बावीस. यूरे, अठरा. दोमिना, चोवीस. निकोला, एकोणीस."

जेर्कोचं हसू मावळलं. निकोला त्यांचा सख्खा काका. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे.

"काका मासेमारीला गेला होता. वादळात होडी उलटली. बाबांनी सांगितलंय."

"होडी नव्हती रे. ह्याच धक्क्यावरून त्याने उडी मारली. पुन्हा वर आला नाही. चर्चच्या वहीत लिहिलंय तसं."

"पंच बोलावतोय," जेर्को म्हणाला, पण त्याचा हात लेकीच्या खांद्यावरून हलला नाही.

"बाबा," लुत्सिया हळूच म्हणाली, "जूनमध्ये माझ्या पायात गोळा आला नव्हता."

"मग काय झालं होतं?"

"काहीच नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. एकदम सगळं बंद झालं. तुम्ही शर्यत बंद कराल म्हणून बोलले नाही."

शिट्टी वाजली. बाकीच्या मुलींनी उड्या मारल्या. पाणी पार कडेपर्यंत उसळलं. जेर्कोने लेकीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, इतकं घट्ट की ती कळवळली. तरी त्याने सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्प्लिट शहरातल्या डॉक्टरने लुत्सियाच्या हृदयाचा आलेख काढला, मग जेर्कोचा, मग पेरीनाचा. भाऊ आणि भाची, दोघांच्या ठोक्यांत एकच दोष होता. पेरीनाचा आलेख स्वच्छ निघाला. रक्तातून येतो हा दोष, डॉक्टर म्हणाला, आणि पोहताना घात करतो. गोळ्या जन्मभर, आणि पोहणं कायमचं बंद. परतीच्या बोटीत लुत्सिया रडत राहिली. आत्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

डॉक्टरने पेरीनाच्या वंशवृक्षात एका फांदीखाली रेघ मारली होती. आन्तित्साचा भाऊ, चिलीला गेलेला. "ह्या लोकांना कळवायला हवं," एवढंच तो बोलला.

चिलीतल्या त्या घरचा नंबर मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तिकडे उन्हाळा सुरू होत होता. एका दुपारी पेरीनाने फोन लावला. पलीकडे एक म्हातारी बाई होती, बेटाची भाषा अडखळत बोलणारी.

"तुम्ही मला ओळखत नाही," पेरीना म्हणाली. "आपण एकाच घरातल्या. सगळं सांगते, पण आधी एक सांगा. तुमच्याकडे पोहायला कोण कोण जातं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईने विचारलं. "नातवाला परवाच तर पुरलं आम्ही."